काकांच्या प्रवाळाचा उपास

आयुष्यातला पहिला कॅल्शियम रिॲक्टर बसवताना मी त्याची झडप उलटी लावली.

झडपेवर बाण होता. चांगला ठसठशीत, कोरलेला. वायू कुठून कुठे जायचा हे आंधळ्यालाही बोटानं कळावं असा. आणि लावणारा कोण, तर मकरपुऱ्याच्या कारखान्यात उभी हयात याच झडपा बनवण्यात घालवलेला मी. एका बाजूनं जाऊ द्यायचं आणि परत येऊ द्यायचं नाही, एवढंच या झडपेचं काम. तिच्यावर बाण उठवायचं मशीन माझ्याच शेडमध्ये होतं. नव्या पोरांना मी रोज दम भरायचो, "बाण बघून लाव, नाहीतर घरी जा." स्वतःच्या वेळी दम भरायला कोणी नव्हतं. झालं काय, की वायू पाण्यात गेला नाही, पण माशांच्या टाकीतलं खारं पाणी नळीतून उलटं चढलं आणि सिलेंडरच्या डोक्यावर बसवलेल्या कोऱ्या करकरीत पितळी रेग्युलेटरमध्ये जाऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला.

"मोहन, तुझ्या त्या बाटलीला घाम आलाय."

"उन्हाळा आहे काकू. येतो कधी कधी."

"खारट आहे."

"तुम्ही चाखून बघितलंत?"

"मग कळणार कसं?"

हे काका-काकू म्हणजे प्रधान. नात्यानं माझे कोणी नव्हेत, ग्राहक म्हणून भेटले आणि काका-काकू झाले. दांडिया बाजारच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर घर. काका प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, त्यामुळे रेग्युलेटर उघडून त्यातून पाणी ओतून दाखवलं तेव्हा त्यांना सगळं समजलं. झडप हातात घेतली, बाणावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघत बराच वेळ हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, झोके घेत राहिले. दुसरा रेग्युलेटर मी माझ्या पदरचा आणून लावला, बाण तीनदा बघून.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला 'व्यवसायातले अनुभव' लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, माझा व्यवसाय लोकांना आधी समजावून सांगण्यातच अंक संपेल. कारखाना बंद पडल्यावर मी लोकांच्या घरी समुद्र बसवायचा उद्योग सुरू केला. साधे, गोड्या पाण्यातले मासे नव्हेत. खारं पाणी, त्यात प्रवाळ, आणि त्या प्रवाळातून फिरणारे मासे. समुद्र काही बडोद्याच्या उंबऱ्याशी नाही, म्हणून लोकांना तो दिवाणखान्यात हवा असतो. त्यातही एकेकाची तऱ्हा. अलकापुरीतले एक बिल्डर मला म्हणाले, "मीठ न टाकता नाही का होणार? फर्निचर खराब होतं." दुसऱ्या एकानं ओख्याहून गाडीच्या डिकीतून समुद्रातला दगड उचलून आणतो म्हणून सांगितलं. त्याला बसवून समजावलं की बाबा रे, आपल्या किनाऱ्यावरचं प्रवाळ उचलणं गुन्हा आहे, तू आत जाशील आणि तुझ्याबरोबर मीही. आम्ही ठेवतो ते रीतसर पैदास केलेलं, एकातून दुसरं कापून वाढवलेलं. गुलाबाची कलमं करतात तसं.

तर प्रवाळ म्हणजे काय, हे दोन ओळींत. दिसतं झाडासारखं, पण असतो प्राणी. पाण्यातला चुना घेऊन तो आपलं घर बांधतो, म्हणजे खालचा दगडासारखा सांगाडा, आणि वरून पातळ कातडीसारखा स्वतः राहतो. समुद्रात चुन्याला तोटा नाही. काचेच्या टाकीत मात्र प्रवाळ जसजसं वाढतं तसतसा चुना संपत जातो, आणि तो परत घालावा लागतो. घालायचे प्रकार पुष्कळ आहेत. मोठी टाकी असेल तर कॅल्शियम रिॲक्टर. नाव भारी आहे. प्रधानांच्या सोसायटीच्या सेक्रेटरीनं 'रिॲक्टर' ऐकून मला गेटवर अडवलं होतं आणि आत किरणं वगैरे काही आहेत का विचारलं होतं. किरणं नाहीत. एक उभं नळकांडं असतं, त्यात मेलेल्या प्रवाळाचे तुकडे भरायचे. त्यात टाकीचं थोडं पाणी फिरवायचं आणि सिलेंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडायचा, बुडबुडा बुडबुडा करून. सोडावॉटरमध्ये असतो तोच वायू. त्यानं पाणी आंबट होतं, आंबट पाण्यात तुकडे विरघळतात, आणि ते चुन्याचं पाणी थेंब थेंब टाकीत पडतं. जिवंत प्रवाळ ते पितं आणि वाढतं.

हे मी काकूंना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या वाटाणे सोलत होत्या.

"म्हणजे मेलेल्यांची हाडं विरघळवून जिवंतांना पाजायची."

"तसंच म्हणायचं."

"उलटं श्राद्धच की रे. इथे पितर जेवायला वाढतात."

मी हा व्यवसाय इतकी वर्षं केला, पण रिॲक्टरचं याहून सोपं स्पष्टीकरण मला जमलं नाही. पुढे मी ते कितीतरी ग्राहकांना माझं म्हणून ऐकवलं.

या सगळ्यात कौशल्याचा भाग एकच. वायू किती सोडायचा. जास्त सोडला तर सगळी टाकीच आंबट होते. कमी सोडला तर तुकडे विरघळत नाहीत आणि प्रवाळ उपाशी. आंबटपणा मोजायला मीटर असतो, त्यावर पीएचचा आकडा दिसतो. आकडा आठच्या थोडा वर असला की समुद्र खूश. खाली आला की पाणी आंबटतंय असं समजायचं. आणि चुना मोजायला वेगळी चाचणी असते, नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे आणि कितव्या थेंबाला रंग बदलतो ते बघायचं, लवकर बदलला तर चुना कमी. मीटरकडे नुसती नजर टाकली की काम होतं. चाचणीला खाली बसावं लागतं, चष्मा लावावा लागतो, थेंब मोजावे लागतात. माणूस कोणत्या गोष्टीचा कंटाळा करेल हे तुम्हीच ओळखा.

प्रधानकाकांच्या टाकीत एक प्रवाळ होतं, सांबराच्या शिंगांसारखं फांद्या फांद्यांचं, टोकांना निळसर. आणलं तेव्हा करंगळीच्या पेराएवढं होतं. काकांनी ते जेवणाच्या ताटाएवढं केलं. काकू त्याला 'आमचं धाकटं' म्हणत. थोरली मुलगी पुण्याला.

काका पूर्वी भजनात मृदंग वाजवायचे. बडोद्यातल्या मराठी घरांमधून त्यांना बोलावणी यायची. मग वयानं कान गेले. कानात घालायचं यंत्र होतं, पण त्यातून झांज ऐकली की डोक्यात पत्रा कापल्यासारखं वाटतं म्हणायचे. म्हणून भजनाच्या वेळी ते यंत्र काढून डबीत ठेवत आणि टाकीसमोर हिंचक्यावर बसत. मागे बायका गायच्या, समोर प्रवाळाचे इवले इवले हात पाण्यात हलायचे, आणि काकांचा उजवा हात मांडीवर ठेका धरायचा. कशावर धरायचा देव जाणे. मी ते पुष्कळदा बघितलंय आणि आजही डोळ्यांपुढे येतं.

त्या वर्षी अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. काकूंच्या भजनी मंडळानं ठरवलं की महिनाभर रोज दुपारी भजन करायचं, आणि ते प्रधानांकडे, कारण दिवाणखाना मोठा आणि एसी चांगला. खाली राहणारे पटेलकाका दुपारी झोपत, त्यांनी एकदा वर येऊन हात जोडले होते, "भाभी, भगवान तो सांभळे छे, पण साथे हुं पण सांभळुं छुं." देव ऐकतो ते ठीक, पण सोबत मलाही ऐकू येतं, असं. म्हणून सगळ्या बाऱ्या घट्ट बंद. बडोद्यातल्या आम्हा मराठी लोकांना खिडकी म्हणायची सवय राहिलेली नाही, बारीच म्हणतो, समजून घ्या.

मीही रोज दुपारीच जायचो. सकाळी बाकीची कामं असत, हे एक कारण. दुसरं कारण अनारसे. अधिकात जावयाला अनारसे द्यायचे असतात आणि काकूंचा जावई पुण्याला, त्यामुळे त्यांचा हक्काचा वाटा माझ्याकडे वळला होता.

पहिल्याच आठवड्यात मीटरचा आकडा घसरलेला दिसला. मी म्हटलं, वायू जास्त होतोय. वायूची बारीक चावी असते, ती थोडी बंद केली. दुसऱ्या दिवशी गेलो, आकडा तसाच खाली. आणखी बंद केली. काका हिंचक्यावरून म्हणाले, "मोहन, सकाळी बरोबर असतो रे आकडा."

मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो, "काका, चष्मा बदलायला झालाय तुमचा."

"चष्मा नवीन आहे."

"मग मीटर बिघडला असेल."

मीटर घरी नेला, तपासला, धुतला, परत आणला. आकडा खालीच. रेग्युलेटर बदलला. वायू अचूक वेळेला बंद-चालू करणारी विजेची झडप बदलली. बाण बघून. तिसऱ्या प्रकारची नळी आणली. भजनाला आलेल्या बायका माझ्या पान्ह्या-पकडींच्या अंगावरून लुगड्याचे सोगे सावरत जात आणि एकमेकींना विचारत, "हे प्रधानांचे जावई का?" पेटी वाजवणाऱ्या शरयूताई म्हणायच्या, "नाही गं, हे यांचे प्लंबर."

मधे एकादशी आली. त्या दिवशी मंडळी देवळात गेली आणि घरात फक्त काका. मी दुपारी नेहमीच्या वेळी गेलो तर मीटरवर आकडा सुरेख, आठच्या वर. मला इतका आनंद झाला की मी काकांच्या पाठीवर थाप मारली. घरी जाऊन बायकोला सांगितलं, सापडला दोष, नळीचा होता. तिनं विचारलं, "कोणत्या?" मी म्हटलं, "तिसऱ्या." एकादशी म्हणून अनारसे नव्हते, साबुदाण्याची खिचडी होती, तीही मला गोड लागली.

दुसऱ्या दिवशी भजन, आणि आकडा पुन्हा खाली. मग माझं डोकं फिरलं. मी वायूची चावी पार बंद केली. म्हटलं, आता बघू कुठून आंबट होतंस ते.

तीन दिवस दुपारी आकडा तरीही खालीच. चौथ्या दिवशी जरा लवकर, जेवणाआधीच गेलो तर काका हिंचक्यावर नव्हते. टाकीच्या काचेला नाक लावून उभे होते. मला हातानं बोलावलं आणि बोट दाखवलं. प्रवाळाच्या बुडाशी, जिथे फांद्या दगडाला धरतात तिथे, पांढरा पट्टा आला होता. पांढरा म्हणजे हाडाचा पांढरा. कातडी सोलून निघालेली. आमच्या धंद्यात हा पट्टा दिसला की बोलणं बंद होतं. तो बुडापासून वर चढत जातो आणि कधी कधी बघता बघता अख्खं प्रवाळ नागडं करतो.

मी खाली बसलो, चष्मा लावला आणि जी चाचणी इतके दिवस केली नव्हती ती केली. पहिल्या दोन-तीन थेंबांतच रंग बदलला. म्हणजे पाण्यात चुना जवळजवळ नव्हताच. मीच चावी बंद करत करत प्रवाळाला उपाशी ठेवलं होतं. अधिकात लोक स्वतः उपास करतात, मी काकांच्या धाकट्याला करायला लावला होता.

काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. अनारशांचा डबा त्यांनी उघडला नाही.

"जगेल का?"

"बघतो काकू."

"बघतो नको. तुला सांगून ठेवते. कान गेले तेव्हा हा माणूस सहा महिने आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होता. मृदंग कोणाला तरी देऊन टाकला, मला विचारलंसुद्धा नाही. ही टाकी आली तेव्हा बाहेर येऊन बसायला लागला. ते पोवळं गेलं तर परत आत जाईल. आणि आता वय आहे, परत बाहेर यायचा नाही."

त्या एवढंच बोलल्या आणि तवा चढवला. मी बाहेर आलो. चावी पुन्हा उघडायची तर पाणी आंबट, बंद ठेवायची तर उपासमार. वायू बंद असूनही आकडा खाली येतो, मग पाण्यात आंबटपणा घालतंय कोण, हे कळेपर्यंत मला हलायचं नव्हतं. मी टाकीशेजारी वेताचा मोढा ओढून बसलो.

जेवणं उरकली तेव्हा आकडा ठीक होता. मग बेल वाजली. दोघी आल्या. मग चौघी आल्या. चपलांचा ढीग दारात वाढला, सतरंजी भरली, एसी लागला, बाऱ्या लावल्या. गणपतीचा अभंग झाला तेव्हा आकडा हलला नव्हता. दोन-तीन अभंग झाले आणि शेवटचा अंक खाली सरकला. गौळण रंगली, आणखी सरकला. शरयूताईंनी भैरवीचे सूर धरले तोवर आकडा रोजच्या जागी जाऊन बसला होता. माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. बंद खोली. वीस बायका, तासन्‌तास, पोटातून आवाज काढून गातायत. माणूस श्वासावाटे काय सोडतो? सिलेंडरमध्ये असतो तोच वायू. टाकीचं पाणी स्वच्छ करायला त्यात हवेचे बुडबुडे सोडणारं यंत्र असतं, ते खोलीतलीच हवा ओढतं. म्हणजे मी चावी बंद केली तरी सिलेंडर चालूच होते. वीस. आणि एकविसावा मोढ्यावर बसलेला.

मला हे आधी काकांना सांगायचं होतं. काकांच्या कानात यंत्र नव्हतं. मी हिंचक्याजवळ जाऊन ओरडलो, "काका, दोष रिॲक्टरचा नाही."

"काय?"

"दोष रिॲक्टरचा नाही. या बायकांचा आहे."

नेमकी त्याच क्षणी भैरवी संपली होती आणि आरतीचं तबक यायचं होतं. खोलीत कोणी बोलत नव्हतं. माझं वाक्य सगळ्या सतरंजीवरून फिरून आलं.

शरयूताईंनी पेटीचा भाता बंद केला. "आम्ही काय केलं?"

"तुम्ही नाही हो, तुमचा श्वास."

"श्वास?"

"तुम्ही सोडता तो."

"मग काय करू म्हणता? नको सोडू?"

मी सावरायला गेलो. सावरताना माणूस जे करतो तेच केलं, म्हणजे आणखी बोललो. पीएच सांगितला, सोडावॉटर सांगितलं, गाताना श्वास दुप्पट लागतो हे सांगितलं. एक आजी शेजारणीला म्हणाल्या, "आपण गायलो की मासे मरतात म्हणतोय." दुसरी म्हणाली, "तुझ्या आवाजाबद्दल बोलत असतील." आरती झाली, पण टाळ्या वाजवताना सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

बायका गेल्यावर काकूंनी सतरंजीची घडी घातली आणि ठरवून टाकल्यासारखं म्हणाल्या, "उद्यापासून भजन देवळात. सांगते सगळ्यांना."

काकांनी यंत्र कानात घातलं होतं. "नाही," ते म्हणाले. "भजन इथेच."

"अहो, पोवळं मरतंय. आणि तुम्हाला कुठे ऐकू येतं?"

"झांजा लागल्या की हिंचक्याच्या कड्या थरथरतात," काका म्हणाले. "पाठीत कळतं. ठेका चुकला तर तेही कळतं. गेल्या गुरुवारी शरयूबाई धावत होत्या."

काकू सतरंजी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. लग्नाला पन्नास वर्षं होत आलेल्या बाईला हे माहीत नव्हतं. काका मांडीवर ठेका कशावर धरतात ते माझं कोडं सुटलं, पण त्या वेळी ते बोलून दाखवायची जागा नव्हती.

मग कामाला लागलो. पहिलं काम कापायचं. सोललेला पट्टा वर चढायच्या आत चांगल्या फांद्या कापून वेगळ्या दगडांवर चिकटवायच्या, म्हणजे बूड मेलं तरी फांद्या वाचतात. मी पक्कड घेतली तर काकांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "तुझे हात आज नकोत." ते वर्कशॉपमध्ये पत्रा कापायचे त्याच शांतपणे त्यांनी फांदी फांदी कापली. प्रत्येक वेळी 'कट्' असा बारीक आवाज यायचा. तो त्यांना ऐकू गेला का, मी विचारलं नाही. मी नुसता गोंद लावला. जेवणाच्या ताटाएवढं प्रवाळ तासाभरात बोटाबोटाएवढे तुकडे होऊन टाकीच्या तळाला ओळीनं बसलं. मधला सांगाडा आम्ही तसाच राहू दिला.

दुसरं काम हवेचं. ते बुडबुडे सोडणारं यंत्र खोलीतली हवा ओढत होतं ना, त्याला मी लांब नळी लावली आणि ती बारीच्या चौकटीतून भोक पाडून बाहेर काढली. टोकाला मच्छरदाणीचं कापड बांधलं. आत कितीही अभंग होवोत, यंत्र बाहेरची ताजी हवा ओढणार. हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असलेलं काम आहे. मलाही होतं. आठवायला मला अर्धा अधिक महिना लागला.

नळीचं टोक पटेलकाकांच्या गॅलरीवर लोंबत होतं. ते वर बघत म्हणाले, "मोहनभाई, आ नळी शेनी छे? माथा पर पाणी तो नहीं पडे ने?"

"ना काका. हवा अंदर जाय छे."

"कोनी हवा?"

"तमारी."

ते विचारात पडले. "तो मने पूछवुं तो जोईए ने."

मी सगळं समजावलं. त्यांना दुपारी गॅलरीत बिडी ओढायची सवय होती. दुसऱ्या दिवसापासून ते बिडी घेऊन जिन्यात जाऊन बसायला लागले. काकूंनी विचारलं तर म्हणाले, "माछलांने खांसी थशे." माशांना खोकला होईल म्हणून. बिडी सोडा म्हणून त्यांच्या मुलानं दहा वर्षं सांगून जे झालं नव्हतं, ते निम्मं तरी माझ्या नळीनं केलं.

वायूची चावी मी हळूहळू, रोज थोडी उघडत गेलो, आणि रोज खाली बसून थेंब मोजत गेलो. भजन चालूच होतं. आता मात्र मी सकाळी जायचो. अनारसे सकाळीही असतात हे मला उगीचच उशिरा कळलं. काही तुकडे पहिल्याच आठवड्यात गेले, पांढरे झाले, काकांनी ते काढून धुवून गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत ठेवले. बाकीचे नुसते होते. मेले नाहीत, पण वाढलेही नाहीत. प्रवाळाचं असंच असतं, ते महिनोन्‌महिने तुम्हाला काही सांगत नाही. काका रोज काचेला नाक लावून बघत आणि काकू रोज काकांना बघत.

आज हा धंदा खूप बदललाय. नवी पोरं फोनवरून टाकी चालवतात. ग्राहक सिंगापूरला असतो आणि त्याला तिथे खणखणून कळतं की आकडा खाली आला. औषधासारखे थेंब टाकणारे छोटे पंप आलेत, त्यामुळे रिॲक्टरही फारसा कोणी लावत नाही. मला वाईट वाटतं असं म्हटलं तर पोरं हसतात. पण सिलेंडर स्कूटरच्या पुढ्यात दोन पायांत धरून मकरपुऱ्याहून दांडिया बाजारपर्यंत आणण्यात, जिने चढण्यात, आणि वर पोचल्यावर "आलास? बस, आधी पाणी पी" असं ऐकण्यात जे होतं ते फोनवर खणखणत नाही. आता माझे गुडघे सिलेंडरला नाही म्हणतात. काका-काकू मुलीकडे पुण्याला गेले. ती टाकी जाताना मीच उतरवली, प्रवाळाचे तुकडे बडोद्यातल्या निदान डझनभर घरांत वाटले. अजून कुठे कामाला गेलो आणि निळसर टोकांची शिंगं दिसली की मी विचारत नाही, मला कळतं ती कुठली. दांडिया बाजारातून जाताना त्या बारीकडे मान वर करून बघायची सवय मात्र गेलेली नाही. चौकटीतलं भोक नव्या भाडेकरूंनी सिमेंटनं बुजवलंय.

त्या वर्षीचा दसरा अजून लख्ख आठवतो. सोनं द्यायला म्हणून मंडळातल्या सगळ्या बायका संध्याकाळी प्रधानांकडे आल्या होत्या. मीही बायकोला घेऊन गेलो होतो. काका टाकीपाशी होते. त्यांनी आपट्याचं पान माझ्या हातात दिलं आणि त्याच हाताला धरून मला काचेकडे ओढलं. एका तुकड्याच्या बुडाशी, जिथे मी गोंद लावला होता तिथे, गोंदावरून दगडावर एक पातळ कड पसरत चालली होती. नखाच्या कडेएवढी. आणि फांदीचं टोक निळं झालं होतं. शेजारच्या तुकड्यालाही तसंच. म्हणजे त्यांनी दगड धरला होता.

त्या दिवशी काका बायकांच्या घोळक्यात येऊन बसले, यंत्र कानात ठेवून. काकूंनी ते पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावायच्या ऐवजी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी हलवली.

मला राहवलं नाही. समोर इतके श्रोते, हातात पेढा, आणि बायको प्रथमच माझं काम बघायला आलेली. मी उभा राहिलो. म्हटलं, बायांनो, हे प्रवाळ गेलंच होतं. पांढरा पट्टा चढायला लागला की पुढे काही उरत नाही. अशा वेळी घाबरून चालत नाही, कारण शोधावं लागतं. मी मोढ्यावर बसून राहिलो, मीटर धरून, आणि कारण शोधलं. नळी काढली, चावी सोडवली, थेंब मोजले. शरयूताई मान डोलवत होत्या. माझी बायकोसुद्धा थोडी ऐकत होती. मी दोन्ही हात टाकीच्या दिशेनं पसरून म्हटलं, "आणि मेलेलं प्रवाळ मी परत आणलं."

मागून खर्जातला आवाज आला. काका पेढ्याच्या कागदाची नीट घडी घालत होते, वर बघितलंसुद्धा नाही.

"वाचवलंस खरं. पण मारत कोण होतं, तेही सांग की त्यांना."